अब्रूच्या पहाऱ्यात मुलींचा बाजार

दरवर्षी ३ जानेवारीला, सावित्रीबाईंच्या जन्मदिनी, बुलढाणा जिल्ह्यातील शाळाशाळांतून बालिका दिन साजरा होतो. तेथून दहा दिवस सावित्री-जिजाऊ दशरात्रोत्सवाची व्याख्याने झडतात. १२ जानेवारीला सिंदखेडराजात लखुजीराव जाधवांच्या वाड्यासमोर जनसागर उसळतो, मंत्र्यांच्या गाड्यांची रीघ लागते, कपाळाला कुंकू आणि डोक्याला फेटा बांधलेल्या चिमुकल्या जिजाऊ व्यासपीठावर उभ्या करून त्यांची छायाचित्रे काढली जातात. आणि त्याच पंधरवड्यात, आपली पंधरा वर्षांची मुलगी कालपासून घरी आली नाही असे सांगायला एखादा शेतमजूर बाप पोलीस ठाण्याची पायरी चढतो, तेव्हा त्याच्या कानावर पहिला प्रश्न पडतो तो हा की, ‘कोणासोबत तिचं काही चालू होतं का?’ मातृशक्तीच्या या जिल्ह्यात मुलीच्या जिवाची चौकशी तिच्या चारित्र्यापासून सुरू होते. याची लाज कोणाला वाटते?

मुलगी पळवणारा आता गावात येत नाही. मलकापूरच्या फलाटावर दबा धरून बसण्याची किंवा मेहकरच्या बसस्थानकावर घुटमळण्याची त्याला गरज उरलेली नाही. तो इन्स्टाग्रामवर एखाद्या देखण्या पोराचे छायाचित्र लावतो, वय एकोणीस लिहितो, नववी-दहावीतल्या मुलीच्या रीलवर बदाम उमटवतो, ‘तुझ्यासारखी दुसरी कोणी नाही’ असे दोन ओळींत सांगतो, तिचा रिचार्ज मारून देतो, आई रागावली की तिची समजूत घालतो, बाप दारू पिऊन आला की रात्री दोनपर्यंत तिच्याशी बोलत राहतो, आणि घरात जिला ‘भाकरी टाक, भांडी घास’ याखेरीज कोणी चार शब्द बोलत नाही, त्या मुलीला महिन्याभरात घरातल्या कोणाहीपेक्षा जवळचा होतो. मग संभाषण इन्स्टाग्रामवरून टेलिग्रामवर सरकते. मग छायाचित्राची मागणी होते. आधी साधे, नंतर तसले. आणि ज्या क्षणी ते छायाचित्र त्याच्या हाती पडते, त्या क्षणी त्याची भाषा बदलते. ‘पप्पांच्या नंबरवर टाकू का?’ एवढे एकच वाक्य त्याला पुरते.

त्यापुढचा प्रवास ठरलेला असतो. कोणाला पैशासाठी पिळले जाते. घरातले दागिने, आईच्या बचतगटाचे पैसे हळूहळू त्याच्याकडे जातात. कोणाकडून आणखी छायाचित्रे, आणखी चित्रफिती उकळल्या जातात आणि त्या पुढे विकल्या जातात. कोणाला पुण्यातली नोकरी, रील्समधली प्रसिद्धी, देवळातले लग्न यांपैकी एखादे आमिष दाखवून घराबाहेर काढले जाते. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही मुंबई-हावडा लोहमार्गावरची स्थानके आहेत. रात्रीच्या गाडीत बसलेली मुलगी उजाडताना कोठल्या शहराच्या गर्दीत मिसळली, हे घरच्यांना कळायच्या आत गाडी रिकामी होऊन यार्डात गेलेली असते. समृद्धी महामार्ग मेहकर-सिंदखेडराजाच्या शिवारातून गेला, त्याच्या उद्घाटनांना आम्ही टाळ्या वाजवल्या. पण तो रस्ता जसा शेतमालाला मुंबईकडे नेतो तसाच तो दलालालाही नेतो, हे कोणत्याही भाषणात आले नाही. जळगाव जामोद आणि संग्रामपूरच्या उत्तरेला तर सातपुड्याची वाट आणि पलीकडे मध्य प्रदेश. इतक्या दिशांना दारे उघडी असलेल्या जिल्ह्यात पहारा कशावर आहे? मुलीच्या मोबाईलवर. तोही मुलगी गेल्यानंतर.

घरातून निघून गेलेली प्रत्येक मुलगी विकली जाते असा कांगावा आम्हांला करायचा नाही. काही प्रकरणांत दोन अजाण जीवांची ओढ असते आणि ती पोलिसी दंडुक्याने नव्हे, समजुतीने हाताळायची असते. परंतु कोणती मुलगी ओढीने गेली आणि कोणती सौद्यात गेली, हे शोधण्याचे काम ज्यांचे, ते शोध घेण्याआधीच निकाल देऊन मोकळे होतात. ‘येईल चार दिवसांनी.’ या चार दिवसांतच बाजार आपले काम उरकतो.

आता मूळ मुद्द्याला हात घालू, कारण तेथे आमच्यातील सज्जनांना सर्वाधिक झोंबणार आहे. या दलालाचे खरे भांडवल कोणते? मोबाईल? इंटरनेट? पाश्चात्त्य संस्कृती, जिच्या नावाने बोटे मोडणे हा आमच्या वक्त्यांचा आवडता उद्योग? नव्हे. त्याचे भांडवल आहे ते त्या मुलीला स्वतःच्या घराची वाटणारी भीती. छायाचित्र बापाला दाखवीन, या धमकीत जोर येतो तो केवळ एवढ्यामुळे की, बाप ते पाहून त्या नराधमाला शोधायला नव्हे तर आपल्याला मारायला उठेल, आई तोंड लपवील, भाऊ फोन फोडील, शाळा सुटेल, आणि दोन महिन्यांत मिळेल त्या स्थळाच्या गळ्यात आपल्याला बांधले जाईल, हे ती पुरते ओळखून असते. आणि दुर्दैवाने तिचे हे ओळखणे चुकीचे नसते. ज्या दिवशी जिल्ह्यातल्या प्रत्येक मुलीला खात्री वाटेल की, असे काही घडले तर पहिली हाक आईबापाला मारायची आणि आईबाप तिच्या बाजूने उभे राहतील, त्या दिवशी या धमकीची किंमत शून्य होईल. तोवर प्रत्येक दलालाच्या धंद्यात आमची अब्रू बिनव्याजी गुंतलेली आहे.

हे आम्ही हवेत बोलत नाही. मोबाईल खिशात येण्याच्या कितीतरी आधी, १९९४ साली, शेजारच्या जळगाव शहरात मुलींना जाळ्यात ओढून, त्यांची छायाचित्रे काढून, त्या छायाचित्रांच्या धाकावर त्यांना पुन्हा पुन्हा लुबाडणारी टोळी उघडकीस आली. अवघा महाराष्ट्र हादरला. राजकीय वजनाची माणसे त्यात अडकल्याचे आरोप झाले, अरविंद इनामदारांसारख्या पोलीस अधिकाऱ्याकडे तपास सोपवला गेला. आणि तपासापुढे सर्वांत मोठा अडसर कोणता उभा राहिला? फिर्याद द्यायला मुली पुढे येईनात. आल्या त्यांच्यावर मागे फिरण्याचा दबाव. साधा कॅमेरा, साधी फिल्म आणि घराघरातली तीच भीती, एवढ्या सामग्रीवर ती टोळी चालली. यंत्र बदलले, माणसे बदलली. मुलीला गप्प बसवणारे घर मात्र आम्ही जसेच्या तसे जपून ठेवले.

आणि दूर कशाला? याच जिल्ह्यात, खामगाव तालुक्यातील पाळा येथील आश्रमशाळेत आदिवासी मुलींवर अत्याचार होत असल्याचे नोव्हेंबर २०१६ मध्ये बाहेर आले, तेही दिवाळीच्या सुटीत घरी गेलेली एक मुलगी बोलली म्हणून. अटकसत्र झाले, विशेष तपास पथक नेमले गेले, पुढाऱ्यांनी भेटी दिल्या, विधिमंडळात आवाज उठला. तिथे इंटरनेटचे जाळे नव्हते. होते ते मोठ्या माणसांचे डोळे, जे पाहत नव्हते, आणि तोंडे, जी उघडत नव्हती. त्या शाळेच्या आवारात रोज वावरणाऱ्या किती प्रौढांना काहीच ठाऊक नव्हते, हा प्रश्न तेव्हाही लाजिरवाणा होता, आजही आहे.

या बुलढाण्यानेच महाराष्ट्राला एक स्त्री दिली होती, जिने हा ढोंगीपणा भर चौकात नागडा केला. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे येथल्याच सरकारी कचेरीत कारकून आणि सत्यशोधक विचारांचे. १८८१ साली सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण विधवेला अर्भकहत्येबद्दल फाशीची शिक्षा झाली, पुढे ती कमी झाली. पण त्या निमित्ताने वर्तमानपत्रांनी स्त्रीजातीच्या नीतीवर जो चिखल उडवला, त्याने पेटून ताराबाईंनी १८८२ मध्ये ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिले. त्यांचा प्रश्न सरळ होता: पाप दोघांचे, मग शिक्षा एकटीला का? पुरुषाने फसवावे आणि समाजाने फसलेलीला जाळावे, हा न्याय कोठला? पुस्तकावर इतकी राळ उडाली की जोतीराव फुल्यांना ‘सत्सार’मध्ये त्यांची पाठराखण करावी लागली, आणि ताराबाईंनी त्यानंतर दुसरे पुस्तक लिहिलेच नाही. १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा छापले तेव्हा कोठे महाराष्ट्राला ती बाई आठवली. मधली ९३ वर्षे तिच्या गावालाही तिची गरज भासली नाही. आणि कशी भासावी? तिने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर बुलढाण्याने आजही दिलेले नाही. फसवणाऱ्याचे नाव गावात कोणाला माहीत नसते. फसलेलीचे नाव मात्र पारापारावर.

कायदा अपुरा आहे, अशी सबब येथे चालणार नाही. कायदा पुरेसा आहे. तो कपाटात आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७-ब कलमान्वये लहान मुलांना इंटरनेटवरून लैंगिक हेतूने जवळीक साधून फूस लावणे हा स्वतंत्र गुन्हा आहे. भेट व्हावी लागत नाही, स्पर्श व्हावा लागत नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यात मुलाचा इलेक्ट्रॉनिक साधनांनी सतत पिच्छा पुरवणे, खऱ्या किंवा बनावट चित्राची धमकी देणे हे लैंगिक छळात मोडते. आणि त्याच कायद्याच्या १९ व्या कलमाने असा गुन्हा घडल्याची वा घडण्याची शक्यता कळलेल्या प्रत्येक व्यक्तीवर पोलिसांना कळवण्याचे बंधन घातले आहे. प्रत्येक व्यक्तीवर! मुख्याध्यापकावर, डॉक्टरवर, शेजाऱ्यावर, भाऊबंदांवर. प्रकरण ‘आपसात मिटवणारे’ पंच, शाळेचे नाव खराब होईल म्हणून दाखला हातात ठेवून मुलीला घरी पाठवणारे संस्थाचालक, हे समाजाचे रक्षक नसून २१ व्या कलमाखालचे गुन्हेगार आहेत. भारतीय न्याय संहितेच्या १४३ व्या कलमानुसार बालकाच्या मानवी तस्करीला किमान दहा वर्षे सक्तमजुरी, आणि पीडितेची संमती होती की नव्हती हा प्रश्नच तेथे उद्भवत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १० मे २०१३ रोजी, ‘बचपन बचाओ आंदोलन’च्या याचिकेवर, स्वच्छ शब्दांत बजावले की हरवलेल्या प्रत्येक बालकाची तक्रार अपहरण वा तस्करी गृहीत धरून गुन्हा म्हणून नोंदवावी, आणि चार महिन्यांत शोध लागला नाही तर तपास मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे द्यावा. चोवीस तास वाट पाहा, असे सांगणारा नियम देशातील कोणत्याही पुस्तकात नाही. तरीही तो नियम ऐकून परत फिरलेले बाप जिल्ह्यात असतील, तर जिल्हा पोलीस अधीक्षकांनी शोधावा तो त्यांना परत पाठवणारा हवालदार.

ग्रामीण यंत्रणेचीही कागदावर वाण नाही. गावोगाव ग्राम बाल संरक्षण समिती असली पाहिजे, तिचा अध्यक्ष सरपंच, तिची सचिव अंगणवाडी सेविका. ग्रामसेवक हा बालविवाह प्रतिबंध अधिकारी. १० मार्च २०२२ च्या शासन निर्णयाने शाळाशाळांत सखी सावित्री समिती. काय करतात या समित्या? आपल्या गावातल्या समितीच्या शेवटच्या सभेची तारीख सरपंचाला विचारून पाहा, म्हणजे उत्तर मिळेल. गावातली गायरान जमीन, दारूचे दुकान, टँकरचे बिल यांवर रात्र रात्र भांडणारी आमची ग्रामसभा, गावातल्या किती मुली वर्षभरात शाळेतून गळाल्या आणि त्या सध्या कोठे आहेत, हे एकदाही विचारत नाही. मानधनावर राबणाऱ्या अंगणवाडी सेविकेच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून शासन मोकळे, आणि सहीचा अंगठा उमटवून सरपंच मोकळा. गळालेल्या मुलीपुरती जागा तेवढी कोणत्याच रजिस्टरात नाही.

गळालेल्या मुली कोठे जातात, याचे एक उत्तर जनगणनेने देऊन ठेवले आहे. २००१ मध्ये या जिल्ह्यात शून्य ते सहा वर्षे वयोगटात दर हजार मुलांमागे ९०८ मुली होत्या. २०११ मध्ये ८५५ उरल्या. दहा वर्षांत त्रेपन्न कमी. गर्भातच मारलेल्या मुलींची ती पिढी आता लग्नाच्या वयात आली आहे, म्हणजे आलेलीच नाही; आणि तिच्या जागी शेतकऱ्याच्या तिशी उलटलेल्या मुलांसाठी पैसे मोजून मुलगी आणून देणाऱ्या मध्यस्थांचा धंदा फोफावला आहे. विदर्भातल्या मुली मध्य प्रदेशात, राजस्थानात, गुजरातेत ‘लग्न करून’ विकल्या जातात आणि आमच्याही घरांत कोणाच्या तरी मुली तशाच मार्गाने सुना म्हणून उतरतात. तेथे कागदपत्रे कोणी तपासत नाही, वय कोणी विचारत नाही, पंगती मात्र उठतात. मोबाईलवर मुलगी फसली की संस्कृती बुडाली म्हणून टाहो फोडणारा समाज पन्नास हजारांत आणलेल्या सुनेची ओटी भरतो. पोटात मारली ती मुलगी, आणि विकत आणली तीही मुलगी. दोन्ही पापे एकाच अंगणातली.

आणि कंपन्या? त्यांच्या अटी सांगतात की तेरा वर्षांखालील मुलांना इन्स्टाग्रामवर प्रवेश नाही. वरवट बकालच्या दहा वर्षांच्या मुलालाही ठाऊक आहे की जन्मसाल बदलले की दार उघडते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची पडताळलेली संमती सांगितली आहे. ऑस्ट्रेलियाने तर डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवायलाच बंदी केली आणि दंडाचा बोजा मुलांवर नव्हे, कंपन्यांवर टाकला. बंदीने सारे साधेल असे आम्ही मानत नाही. बंदीची पळवाट पोरे आईबापांच्या आधी शोधतात. पण अब्जावधींचा नफा कमावणाऱ्या कंपनीला जाब विचारायचा नाही आणि करोनाच्या टाळेबंदीत बापाने उसनवारीने घेतलेल्या मोबाईलवर शिकलेल्या मुलीला तेवढे दरडावायचे, ही कसली मर्दुमकी?

येथे जनजागृतीच्या नावाने चाललेल्या तमाशाचाही समाचार घेतला पाहिजे. शाळेत पोलीस येतात, प्रोजेक्टर लागतो, मुलींना पहिल्या रांगेत बसवले जाते, ‘अनोळखी माणसाशी बोलू नका, फोटो पाठवू नका, मोबाईल कमी वापरा’ असा तासभर उपदेश होतो, सत्कार, आभार, छायाचित्र, दुसऱ्या दिवशी बातमी. त्या सभागृहात मागच्या रांगेत बसलेल्या मुलांना कोणी सांगत नाही की वर्गातल्या मुलीचे छायाचित्र पुढे पाठवणे हा तुरुंगात नेणारा गुन्हा आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या लैंगिक चित्रफिती नुसत्या बाळगण्यालाही पोक्सोच्या कक्षेत आणले, हे त्यांच्या बापांनाही कोणी सांगत नाही. आणि गावातल्या व्हॉट्सअॅप गटांत पहाटे देवाची चित्रे पाठवणारे काही प्रतिष्ठित हात रात्री काय पाठवतात, ते सांगायची तर कोणाचीच छाती नाही. सावध राहण्याचे सारे ओझे शिकारीवर. शिकाऱ्याला आणि प्रेक्षकांना सुटी.

आमचे म्हणणे एवढेच की, जागे करायचे आहे ते मुलींना नव्हे, मोठ्यांना. मुली जाग्याच आहेत. त्या रात्री दोन वाजता, पांघरुणाखाली, रडत जाग्या आहेत. त्यांना माहीत नाही ते हे की बालमदतीचा १०९८ हा क्रमांक फुकट लागतो, ११२ वर पोलीस येतात, सायबर गुन्ह्याची तक्रार राष्ट्रीय संकेतस्थळावर नोंदवता येते, आणि कायद्याने तिचे नाव छापायला बंदी आहे. त्यांना माहीत नाही ते हे की धमकीचे संदेश पुसायचे नसतात, जपायचे असतात, आणि पैसे दिल्याने धमकी थांबत नाही, वाढते. हे सांगायला प्रोजेक्टर लागत नाही. आई लागते. बाप लागतो. शिक्षिका लागते. आणि त्यांपैकी एकाने आधी म्हणावे लागते की, ‘काय बी झालं तरी तू पहिल्यांदा मले सांग, मी तुले मारणार नाई.’

ज्या वऱ्हाडात गाडगेबाबांनी कीर्तनातून लोकांना प्रश्न विचारून विचारून त्यांच्याकडूनच त्यांच्या मूर्खपणाची कबुली घेतली, त्या वऱ्हाडात गावोगाव हरिनाम सप्ताह होतात, ध्वनिक्षेपक सात दिवस दणाणतात, हजारो आईबाप मांडवात बसलेले असतात. कीर्तनकार महाराजांनी मुलींच्या जीन्सवर आणि मोबाईलवर कोट्या करून टाळ्या घेणे आता पुरे करावे. त्याच गादीवरून त्यांनी विचारावे: तुमची मुलगी संकटात सापडली तर ती तुमच्याकडे येईल, अशी खात्री मांडवातल्या किती बापांना आहे? हात वर करा. त्या वेळी मांडवात जी शांतता पसरेल, तेवढी जनजागृती जिल्हा प्रशासनाच्या वर्षभराच्या फलकांनी होणार नाही.

पालकमंत्री, जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषदेचे मुख्य कार्यकारी अधिकारी यांच्याकडे आमची मागणी आहे, विनंती नव्हे. गेल्या तीन वर्षांत तेराही तालुक्यांतून बेपत्ता झालेल्या अल्पवयीन मुलींची संख्या, त्यांपैकी परत आलेल्यांची संख्या, अपहरणाचा गुन्हा किती दिवसांनी नोंदला त्याचा तपशील आणि मानवी तस्करी प्रतिबंधक कक्षाकडे वर्ग झालेल्या प्रकरणांची स्थिती, मुलींची नावे वगळून, ठाणेनिहाय जाहीर करा. अत्याचारग्रस्तांसाठीच्या मनोधैर्य योजनेची मदत किती जणींना पोहोचली तेही सांगा. आणि वाचकहो, तुमच्याकडेही मागणी आहे. ग्रामसभा २६ जानेवारीला होते, १ मेला होते, १५ ऑगस्टला होते, २ ऑक्टोबरला होते. जी पुढे येईल तिच्यात उभे राहा, ग्राम बाल संरक्षण समितीचे इतिवृत्त मागा, आणि शाळेच्या हजेरीपटावरून गेलेल्या प्रत्येक मुलीचा ठावठिकाणा मोठ्या आवाजात विचारा. सरपंच चिडेल. ग्रामसेवक कागद शोधू लागेल. कोणीतरी म्हणेल, गावाची बदनामी होते. तरीही बसू नका.